चार बोटांचा रकाना

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. गणिताची नाही, उधारीची नाही, आणि मागच्या पानावर मास्तरांचं चित्र काढलेली तर मुळीच नाही. मी सीमाभागातल्या मंठाळ गावच्या मारुतीच्या देवळातली विणेच्या पहाऱ्याची वही आहे.

पहारा म्हणजे काय, ते आधी सांगते. चैत्रात आमच्याकडे अखंड हरिनामाचा सप्ताह बसतो. सात दिवस भजन-कीर्तन चालतं, आणि तेवढा वेळ वीणा खाली टेकवायची नाही, असा नेम. कुणीतरी ती गळ्यात घालून उभं राहायचं, तार छेडत नाम घ्यायचं. दोन तास झाले की दुसरा येतो. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. मग मोकळा झालेला माणूस माझ्याकडे येतो. दोऱ्यानं बांधलेलं पेन झटकतो, उमटत नाही म्हणून पुन्हा झटकतो, आणि वेळ, नाव, सही, शेरा एवढं लिहून जेवायला जातो. वर्षातून सात दिवस ही नोकरी. बाकी वर्षभर पत्र्याच्या पेटीत टाळांच्या शेजारी रजा. अशी नोकरी सरकारातही मिळायची नाही.

माझा जन्म बसवकल्याणचा, सोळा वर्षांपूर्वीचा. बाबूलाल बाइंडरांनी मला शिवलं. दोनशे पानं, पाठीला लाल खारव्याचं जाड कापड, आणि गव्हाच्या खळीत मोरचूद घालून चिकटवलेला पुठ्ठा. त्या मोरचुदामुळे एका उंदरानं माझी कड एकदाच चाखली आणि पुन्हा ती वाट धरली नाही. बाबूलालांचा हात देवाचा, पण त्या दिवशी त्यांचं लक्ष कुठं होतं कोण जाणे. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष लिंगराजअप्पा यांनी त्यांना बजावून सांगितलं होतं, "सहीचा रकाना मोठा पाहिजे बगा. शेऱ्याला बोटभर बास." बाबूलालांनी नेमकं उलटं आखलं. सहीला बोटभर, शेऱ्याला चार बोटं रुंद आणि सहा ओळी उंच!

अप्पांनी मला उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं.

"बाबूलाल, हे काय करून ठेवलाव? एवढ्या शेऱ्यात काय रामायण लिवायचं का?"

"अप्पा, आता उसवलं तर कागद फाटतंय," बाबूलाल म्हणाले. "असू द्या की. मोकळी जागा कुणाला चावायलीय का?"

असं माझं आयुष्य सुरू झालं, एका चुकीच्या रेघेनं. आणि मित्रांनो, खरं सांगते, पहिले तेरा सप्ताह ती चार बोटांची जागा रिकामीच राहिली. लोक लिहायचे 'ठीक'. खालचा वरचं बघून लिहायचा 'ठीक'. त्याच्या खालचा दोन टिंबं देऊन मोकळा व्हायचा. शिवराजअण्णा तेवढे जरा खुलासेवार माणूस. ते 'सर्व ठीक' लिहायचे. मी खिळ्याला लटकून एकापेक्षा एक कीर्तनं ऐकायची. हरिश्चंद्र स्मशानात उभा राहिला की माझी पानं ओली व्हायची. आणि माझ्या अंगावर मात्र ठीक, ठीक, ठीक! रेशनच्या दुकानाच्या वहीतसुद्धा याहून जास्त रस असेल.

फक्त एकदा वेगळा शेरा पडला. त्याला अकरा वर्षं झाली. तो दुपारी बारा ते दोनचा पहारा होता. हा पहारा सगळ्यात अवघड. बाहेर ऊन, आत पंक्ती उठलेल्या, पोटात हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, आणि वर तूप. उभ्या माणसाला नंदीबैलासारखी मान डोलवत झोप येते. त्या दिवशी विणेचा भोपळा खांबावर आदळला आणि त्याला वीतभर तडा गेला. पहारा होता खुद्द लिंगराजअप्पांचा. त्यांनी माझ्यात लिहिलं, 'ठीक. मांजर पायात आली.'

झालं. देवळातल्या चिंगी मांजरीवर आळ आला. तिला पोत्यात घालून दूर दुबलगुंडी गावात सोडलं. ती चौथ्या दिवशी परत आली, शेपटी वर करून, जणू पाहुणचार घेऊन आली. तेव्हापासून देवळात कोणतीही मांजर दिसली की झाडू. आधी चिंगीला, मग तिच्या लेकीला, आणि आता नातीला. भोपळ्याचा तडा लाखेनं भरला. अप्पांनी बाराचा पहारा सोडून दहाचा घेतला.

मला मात्र ठाऊक होतं, मित्रांनो. मी समोरच्या खिळ्यावर होते. चिंगी त्या वेळी वर तुळईवर झोपली होती. तीही झोपली होती, एवढंच तिचं आणि अप्पांचं सारखं. पण वहीला तोंड नसतं. जे लिहिलं जातं, ते पोटात घालून बसायचं.

मध्ये दोन वर्षं महामारीत सप्ताह बसला नाही, म्हणून माझं आयुष्य लांबलं. चार पानं आरंभाच्या नावांना गेली होती, बाकीच्यांवर पानाला सहा पहारे. यंदा हिशेब अगदी काठावर आला होता: शेवटच्या दिवशीचा बाराचा पहारा, आणि माझं शेवटचं घर भरलं. पुढे काय होतं, ते मला माहीत होतं. माझ्याआधीच्या वहीला हार घालून, गुलाल लावून, वाजतगाजत ओढ्यात सोडलं होतं. मान मोठा, पण ओढा तो ओढाच.

यंदा कमिटीच्या बैठकीला नागूबाई आल्या. वय अडुसष्ट. सप्ताहाची पहिली समई त्या लावायच्या, तांब्याची भांडी चिंचेनं त्याच घासायच्या, हुग्गीला गूळ किती, ते त्यांनाच विचारायचं. कीर्तनाचं वेड असं की दहा कोसांवर मृदंग वाजला तरी यांचे पाय चालू लागायचे. दोष एकच. पहिला अभंग संपेपर्यंत त्यांचा डोळा लागायचा आणि आरतीला उघडायचा. कुणी हसलं तर म्हणायच्या, "झोपले न्हाई गं, डोळे मिटून ऐकायले."

त्या पदर सावरून म्हणाल्या, "अप्पा, चाळीस वर्षं झाली, मी विणेचा हार गुंफायले. एकदा ती माझ्या गळ्यात येऊ द्या. आणखीन चार बायका तयार हायत, पुढच्या वर्षाला. मला पहारा द्या."

बैठकीत कुजबुज झाली. नाही म्हणावं तर बायका हुग्गी कोण शिजवणार ते विचारतील. अप्पा चतुर. त्यांनी सगळ्यांत नको असलेली वस्तू उदारपणे पुढे केली.

"घ्या की अक्का. बाराचा घ्या. रोज मी दहाचा करून तुमच्या गळ्यात घालतो. पण एक सांगून ठेवतो समद्यांसमोर. डोळा लागला की पहारा बंद. तुमचाबी, अन् मागून येणाऱ्या चौघींचाबी."

"व्हय," नागूबाई म्हणाल्या. पण त्यांनाही आपले डोळे ठाऊक होते.

सप्ताह बसायच्या सकाळी त्या सुनेला घेऊन देवळात आल्या. सून विजयश्री, मराठी शाळेत बाई. मला नुकतंच पेटीतून काढून खिळ्याला टांगलं होतं, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

"काय करू गं? मिरची चघळू? डोळ्याला कांदा लावू?"

"कांदा लावलाव तर लोक म्हणतेल, देवाच्या दारात रडायल्यात," विजयश्री म्हणाली. "आत्या, मी एक सांगू? आमच्या मोबाइलच्या ग्रुपवर शिकवायलेत. हायबून म्हणतेत त्याला. जपानकडचा प्रकार. जे समोर दिसलं, ते दोन-तीन वाक्यांत सांगायचं, आन् खाली तीन ओळींचा हायकू. पाच अक्षरं, सात अक्षरं, पाच अक्षरं. उभं राहून मनात रचत ऱ्हावा. बोटावर अक्षरं मोजणाऱ्याला झोप येत नसती."

नागूबाईंनी जरा विचार केला. "म्हंजे आधी निरूपण, मागून अभंग. बारीक कीर्तनच की हे."

"व्हय, पण यात उपदेश करायचा न्हाई."

"उपदेश न्हाई? मग लोकांना कळणार कसं?"

"कळतंय. तुम्ही एक करून बघा."

नागूबाईंनी डोळे मिटले (मला भीती वाटली, झोपल्या की काय), आणि म्हणाल्या, "देवळाच्या पायरीवर कुत्रं झोपलंय. म्हणून माणसानं सदा सावध असावं."

"आत्या, कुत्र्यापाशीच थांबायचं."

"आन् सावध?"

"सावध काढून टाका. झालं तेच सांगायचं. न झालेलं न्हाई, अन् झालेलं लपवायचंबी न्हाई."

नागूबाईंना उपदेश काढून टाकताना मुलाला परगावी पाठवल्यासारखं दुःख झालं. पण त्यांनी मान हलवली. "आन् शेवटी नाव? अमका म्हणे, तमका म्हणे?"

"नाव नसतंय."

"अगं बाई! बिनबापाचा अभंग."

दुपारी दोनला शिवराजअण्णांनी वीणा उचलली आणि सप्ताह सुरू झाला. दुसऱ्या दिवशी बाराला अप्पांनी ती नागूबाईंच्या गळ्यात घातली. पाया पडायच्या वेळी अप्पा गुडघ्यापर्यंतच वाकले आणि "कंबर धरलीय" म्हणाले. नागूबाई मात्र पुरत्या वाकल्या. वीणा खांद्याला लागताच त्यांनी तार छेडली. मग त्या दोन तास उभ्या राहिल्या. एका हातानं तार, दुसऱ्या हाताचा अंगठा पेरांवर. ओठात नाम. आणि नामाच्या मागे कुठेतरी पाच, सात, पाच.

दोनला वीणा शिवराजअण्णांना देऊन त्या माझ्याकडे आल्या. पेन झटकलं. आणि त्या चार बोटांच्या रकान्यात, पहिल्यांदाच, पाच ओळी उतरल्या:

*जेवणं झाली. मंडप सगळा आडवा. उभी मी एकटी.*
*पंखा गेला, वीज गेली.*
*मृदंगावर*
*गाल टेकून बुवा;*
*माशीच जागी*

मित्रांनो, मला काय वाटलं ते कसं सांगू? तेरा सप्ताह कोरडी भाकरी खाणाऱ्याच्या ताटात कुणी लोणचं वाढावं, तसं झालं.

चारला शिवराजअण्णा सही करायला आले. वरचं घर बघितलं. चष्मा लावून पुन्हा बघितलं. त्यांना वाटलं, कमिटीनं नवा नियम काढला आणि आपल्याला सांगायचं राहिलं. अण्णा नियमाला फार भिणारे. त्यांनी कान खाजवला, आजूबाजूला पाहिलं, आणि घाम पुसत लिहिलं:

*चहा आला. साखर नव्हती.*
*गोड मानून*
*घेतला मी चहा हा.*
*शिवराज म्हणे, विठ्ठला, उद्या साखर घाल.*

कारण अभंगाला शेवटी नाव लागतंच, हे अण्णांना लहानपणापासून माहीत होतं. नाव नसलेला अभंग म्हणजे सही नसलेला अर्ज. त्यांच्या खालच्याला दोन नमुने मिळाले. तो नाव घालायला विसरला नाही. त्याच्या खालचा तर अक्षरं मोजत बसला नाही, सरळ नावच दोनदा घातलं. संध्याकाळपर्यंत साथ पसरली. जो तो पहारा संपायच्या आत तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागला. एकानं आपल्या म्हशीवर लिहिलं, एकानं गुडघ्यावर. एकानं कन्नडमध्ये लिहून खाली मराठीत 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं. विजयश्री रोज येऊन वाचायची, कपाळाला हात लावायची आणि हसत जायची.

"आत्या, समदे 'म्हणे' घालायलेत. तीन ओळींवर थांबतच न्हाईत."

"कुणाला थांबता येतंय गं," नागूबाई म्हणाल्या. "आपले महाराज तरी कुठं थांबतेत."

पण अप्पांना हे खपलं नाही. वही म्हणजे दप्तर. दप्तरात म्हैस कशाला? शिवाय अक्का कशी जागी राहते, तेच त्यांना कळेना. म्हणून नागूबाईंच्या दुसऱ्या दिवशी, वीणा देऊन झाल्यावर, त्यांनी खुर्ची मागवली आणि खांबाला टेकून समोरच बसले. पहारेकरणीवर पहारा.

दोन वाजता माझ्यात हे उतरलं:

*माझा डोळा कधी लागतो, ते बघायला अप्पा खुर्ची घेऊन बसले. साडेबाराला टोपी नाकावर आली.*
*उघडं तोंड;*
*आत डोकावते ती*
*कालची माशी*

शिवराजअण्णांनी वीणा गळ्यात असतानाच ते मोठ्यानं वाचलं. वाचायचं नव्हतं, पण अण्णांना मनात वाचता येतच नाही. अख्खा मंडप हसला. टाळकरी तर टाळ वाजवायचं सोडून मांड्या वाजवू लागले. अप्पा दचकून उठले, टोपी वर केली, आणि सगळे आपल्याकडे का बघतात ते समजल्यावर त्यांचं तोंड पाटावरच्या गुलालासारखं झालं.

"अक्का! देवाच्या वहीत टवाळी करायलाव?"

"टवाळी न्हाई अप्पा. झालं तेच लिवलंय. माशीचंबी नाव घातलं न्हाई."

तेव्हापासून अप्पा रोज नागूबाईंचा शेरा चष्मा लावून तपासू लागले. चूक सापडली की पकडायची, एवढंच.

आणि मित्रांनो, चूक झाली. नागूबाईंच्या पाचव्या दिवशी. त्या पहाटेच्या काकड्याला नागूबाई उठल्या होत्या, मग साडेतीनशे माणसांच्या हुग्गीपाशी उभ्या राहिल्या होत्या. एक वाजून गेला. मंडपात सगळे घोरत होते. मी पाहिलं, अंगठा पेरावर थांबला. मान हळूच खाली आली. मी खिळ्यावर नुसती तडफडले, पण वारा नव्हता, पानसुद्धा फडफडेना. वीणा मात्र पडली नाही. हात तारेवर होता तसाच होता. मग त्या एकदम जाग्या झाल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणीच जागं नव्हतं. मंडपाच्या कडेला चिंगीची नात तेवढी टक लावून बसली होती, आणि तिची साक्ष आमच्या गावात अकरा वर्षं चालत नाही.

दोनला त्या माझ्यापुढे आल्या. पेन हातात घेतलं. 'ठीक' लिहायला अर्धी ओळ पुरते, आणि माझ्यात तशी शेकड्यांनी ठीकं होती. आणखी एकानं काय बिघडलं असतं? पण त्यांनी लिहिलं:

*आज डोळा लागला. किती वेळ, ठाऊक नाही. कुणी पाहिलं नाही.*
*जाग आली तो*
*तार अजून हाले;*
*कुणाचा हात?*

विजयश्री शाळेतून आली, वाचलं, आणि सासूबाईंकडे धावली.

"आत्या! हे कामून लिवलाव? कुणी बघितलं न्हवतं की!"

"तूच म्हणलीस, झालेलं लपवायचं न्हाई."

"मी कुत्र्याचं म्हणले होते हो! आता पहारा जाईल. तुमचा, आन् त्या चौघींचा." तिचा हात माझ्या पानाच्या कोपऱ्याशी आला. माझ्या पाठीचा खारवा घट्ट झाला.

नागूबाईंनी तिचं मनगट धरलं. "पहाऱ्याच्या वहीचं पान फाडायचं नसतंय. आन् विजया, खरं सांगू? पहारा गेला तर जाऊ दे. पण त्या वेळेला ती तार कुणी वाजवली, ते मला लिहून ठेवायचंच होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांना ते सापडलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं, ते आनंदानं ओरडतील. ओरडले नाहीत. नुसतं एवढंच म्हणाले, "उद्या काल्याच्या कीर्तनात महाराजांपुढं निकाल. नियम तो नियम." पण जाताना त्यांनी माझी जुनी पानं चाळली. फार मागे गेले. एका पानावर थांबले आणि मला मिटलं. ते पान कोणतं, ते तुम्हाला ओळखता येईल.

काल्याच्या दिवशी मंडप फुलला. कीर्तन व्यंकटमहाराजांचं, ते मादन हिप्परगा गावचे. गळा गोड, भाव खरा, पण थांबणं माहीत नाही. त्यांच्या काल्याच्या हंडीतलं दही दरवर्षी ताक होऊन मग फुटतं. पावणेबारा वाजले. अप्पा दहाच्या पहाऱ्याला वीणा गळ्यात घेऊन महाराजांच्या शेजारीच उभे होते. बाराला ती नागूबाईंना द्यायची, तो शेवटचा पहारा. नागूबाई पदर खोचून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, कैद्यासारख्या.

अप्पांनी खुणेनं मला महाराजांच्या हातात द्यायला लावलं. "महाराज, हे वाचा. पहाऱ्यात झोप लागल्याचं हिनं सोताच लिहून दिलंय. वीणा द्यायची का न्हाई, ते तुम्ही सांगा."

महाराजांनी वाचलं. मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांना कागद दिसला की चाल सुचते, हा त्यांचा स्वभाव. वरच्या ओळी त्यांनी निरूपणासारख्या सांगितल्या, थांबत थांबत. 'कुणी पाहिलं नाही' म्हणताना त्यांनी वर पाहिलं. आणि मग खालच्या ओळी उचलल्या, अशा आर्त सुरात की मीच त्यांच्या हातात थरथरले. *जाग आली तो...* टाळ उठले. *तार अजून हाले...* मृदंग घुमला. *कुणाचा हात?* मंडप डोलायला लागला. मृदंगवाल्या बुवांनी चौथ्या ओळीसाठी हात वर नेला, टाळकऱ्यांनी टाळ उघडे धरले.

चौथी ओळ आली नाही.

हात वर ते वरच. टाळ उघडे ते उघडेच. महाराजांनी माझं पान उलटं करून पाहिलं.

"पुढचं कुठाय?"

बायकांमधून विजयश्री उठली. "महाराज, संपलं. तीनच ओळी असतेत."

"आन् म्हणे? कोण म्हणे?"

"कुणीच न्हाई."

"अगं, मग कुणाचा हात, ते कोण सांगणार?"

आयुष्यात पहिल्यांदा व्यंकटमहाराजांना पुढे बोलायला काही सुचलं नाही. एवढ्या मोठ्या मंडपात फक्त विणेची तार वाजत होती. तीही अडखळत, आणि वाजवणारा हात अप्पांचा होता. आणि त्या हाताच्या बरोबर खाली, भोपळ्यावर, लाखेनं भरलेला तडा होता.

"महाराज," लिंगराजअप्पा म्हणाले, "चौथी ओळ माझ्याकडं हाय."

सगळे वळले.

"लिंगराज म्हणे..." अप्पांनी तार पुन्हा छेडली. त्यांनी खाकरून घेतलं. "लिंगराज म्हणे, मांजर न्हवती. मीच झोपलो होतो."

आधी कुणाला कळेना. मग शिवराजअण्णांच्या डोक्यात उजेड पडला. ते मोठ्यानं म्हणाले, "म्हंजे अकरा वर्षं आपण उगंच..." आणि त्यांनी हातातला झाडू मागे लपवला. दारात चिंगीची नात उभी होती, आणि अण्णा सवयीनं झाडू घेऊनच बसले होते.

मग जो हशा उठला, मित्रांनो, तो देवळाच्या शिखरापर्यंत गेला. अप्पाही हसले, डोळे पुसत हसले. "अक्कानं लिवलं, कुणी बघितलं नसताना. मला तर समद्यांनी तडा बघून इचारलं होतं, तरी मी मांजर सांगितली. नियम माझाच हाय. पहारा बंद करायचा, तर पहिला माझा करा. अन् करायचा नसंल, तर कुणाचाच करू नका."

"कुणाचाच न्हाई," महाराज म्हणाले. "बारा वाजले. वीणा द्या."

अप्पा पुढे आले. वीणा उतरवून नागूबाईंच्या गळ्यात घातली. आणि ते वाकले. या वेळी गुडघ्यापाशी थांबले नाहीत. कंबर धरली होती ती खरंच धरली, त्यांना दोघांनी धरून उठवावं लागलं, पण कपाळ पायाला लागलं होतं.

महाराजांनी तिथेच पुंडलिक वरदा म्हटलं. कीर्तन वेळेवर संपलं, हंडी दह्यासकट फुटली. हे मंठाळला आजवर घडलं नव्हतं.

नंतर अप्पांनी मला मांडीवर घेतलं आणि ते अकरा वर्षांपूर्वीचं पान काढलं. 'ठीक. मांजर पायात आली.' खाली पाच ओळी मोकळ्या होत्या. बाबूलालांची चूक अशी उपयोगी पडली. तासभर बोटं मोजून अप्पांनी लिहिलं:

*ठीक नव्हतं. मांजर वर तुळईवर होती.*
*अकरा वर्षं*
*झाडू मांजरीवर;*
*वीणा गळ्यात*

'लिंगराज म्हणे' लिहायला त्यांचं पेन पुढे सरकलं होतं. विजयश्री शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अप्पा, थांबा." आणि अप्पा थांबले.

दोन वाजता वीणा चौरंगावर विसावली, आणि नागूबाईंनी माझं शेवटचं घर भरलं:

*शेवटचा पहारा. जागीच होते. वीणा खाली ठेवली.*
*हात रिकामे,*
*तरी बोट हलते;*
*मांजर पाही*

आता मी भरले. हार आला, गुलाल आला, ओढ्याला न्यायला पोरं ताशा बांधून तयार झाली. मी मनातल्या मनात नाम घेऊ लागले. तेव्हा शिवराजअण्णा म्हणाले, "थांबा की. माझ्या चहाचं अजून घरी वाचून दाखवलं न्हाई." दुसरा म्हणाला, "माझ्या म्हशीचं बी हाय त्यात." आणि अप्पा म्हणाले, "ही ओढ्यात जायची न्हाई. हिच्यात माझा कबुलीजबाब हाय." म्हणून मी अजून खिळ्यावरच आहे. शेजारी नवी वही लटकते. ती बाबूलालांनीच शिवली. त्यांनी विचारलं होतं, शेऱ्याला किती ठेवू? अप्पांनी चार बोटं दाखवली. पुढच्या वर्षीच्या पहाऱ्यात पाच बायकांची नावं आहेत. बारा ते दोनसाठी दोघींचं भांडण चालू आहे.

तर मित्रांनो, माझं ऐकाल? आम्हा वह्यांना ओल्या हातांनी धरू नका, पानं दुमडू नका, आणि आमची पानं फाडून विमानं उडवू नका. पण पान जपण्याइतकंच त्यावर काय लिहिता, तेही जपा. दिवस सरला की आमच्याकडे या, आणि तो जसा गेला तसा तीन ओळींत सांगा. चांगला गेला नसेल तर तसं सांगा. आम्ही कुणाला सांगत नाही. फक्त 'ठीक' लिहू नका. बाजूला एखादी मांजर असते, तिला त्याचा फार त्रास होतो.